आबांची फुंकर

आमच्या घरात पुस्तक एकही नव्हतं, पण भिंती वाचता यायच्या. वडील मालवणात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि खराब छापलेले कागद घरी घेऊन यायचे. शाई फुटलेली, ओळ तिरकी गेलेली, मालकाने वैतागून बाजूला टाकलेली पत्रकं. मोठी आये, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, ती पत्रकं पेजेच्या घट्ट खळीने कुडाच्या भिंतीला चिकटवायची. थंडीतला दर्यावरचा वारा फटींतून आत येऊ नये, एवढाच तिचा हेतू. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे निम्मी पत्रकं उलटी लागायची. मी मान वाकडी करून वाचायला शिकले. दारूबंदी, गोव्याचा सत्याग्रह, कुळांचे हक्क, दशावतारी नाटकाची जाहिरात आणि कुठल्याशा वैद्याचं शक्तिवर्धक चूर्ण, या क्रमाने माझं शिक्षण झालं. शाळा होती, पण शाळेच्या पुस्तकात कुणी कुणावर चिडलेलं नसायचं. पत्रकात प्रत्येक जण चिडलेला असायचा आणि विचारायचा, "बंधुभगिनींनो, किती दिवस सहन करणार?" मला वाटायचं, हा प्रश्न मलाच आहे. आजही मला शांत माणसाच्या लिखाणावर पटकन विश्वास ठेवता येत नाही.

आई मला जन्म देऊन गेली, तेव्हा मला वाढवलं मोठ्या आयेने. तिच्या हाताला कायम सुक्या मासळीचा आणि चुलीच्या धुराचा वास असायचा, आणि तो वास आला की मला झोप यायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्यात निखाऱ्यावर भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. माझ्या वाट्याचा तुकडा ती काटे काढून द्यायची, मी चांगली परकर-पोलक्यातली मुलगी झाले तरी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात आम्हां दोघींचं जे तुटलं ते मुळात केवढं होतं, हे कळायला हवं.

थोरले काका, आबा, रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यापासून होडीने अर्धगोल टाकून आणलेलं लांबच लांब जाळं. त्याची दोन्ही टोकं वाळूत उभी राहून माणसं ओढतात, आणि ओढायचं कधी नि थांबायचं कधी हे तांडेल ठरवतो. धुक्यात काहीच दिसत नसताना आबांचा आवाज मात्र आमच्या खळ्यापर्यंत, म्हणजे घरापुढच्या अंगणापर्यंत यायचा. त्या आवाजाला वाडीत कुणी उलट उत्तर दिल्याचं मी ऐकलेलं नाही. पण आबांना खरा मान होता तो रापणीमुळे नव्हे. त्यांच्या तोंडात वारो, म्हणजे दुखणं उतरवणारा वारा आहे असं लोक मानत. मुलाला डबा झाला, म्हणजे ताप येऊन छाती घुरघुरायला लागली आणि बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, की आई त्याला घेऊन आमच्या खळ्यात यायची. आबा ओव्याचे दाणे चावत, पुटपुटत, मुलाचे गाल दोन बोटांत दाबून तोंड उघडत आणि आत जोरात फुंकत. मग नाकात. ज्यांना काही झालेलं नसे अशा पोरांनाही बाया आणत, पुढे काही होऊ नये म्हणून. आबा कुणाकडून काही घेत नसत. एक नारळ वाडीच्या राखणदार देवापुढे ठेवायचा, झालं.

या वाऱ्याचे नियम होते, आणि ते मला मोठ्या आयेनेच सांगितले होते, निवडत बसलेल्या तांदळातून मान वर न करता. दारात आलेल्या पोराला परत पाठवायचं नाही. आणि फुंकणाऱ्याने स्वतःचं दुखणं बोलायचं नाही, घरातल्या कुणीही ते चारचौघांत बोलायचं नाही. बोललं तर वारो उतरतो. मग तो माणूस साधा माणूस.

"म्हणजे आबा आजारी पडले तरी सांगूचा नाय?" मी विचारलं होतं.

"आबा आजारी पडणत नाय," ती म्हणाली.

एका थंडीत वाडीत गोवर आला. गोवर म्हणजे बाय, देवी, घरात आलेली. फोडणी बंद, तळण बंद, परक्या माणसाला उंबरा बंद, आणि डॉक्टरचं नाव काढायचं नाही. कुळथाची पिठीसुद्धा बिनफोडणीची. पोरांच्या अंगावरचे डाग हळूहळू गेले, बायची पाठवणी झाली, आणि आयांनी सुटकेचा श्वास टाकून पोरांना आबांकडे आणायला सुरुवात केली. आता वारो घालून घेतला की पोर तरलं. आणि नेमके तेव्हाच आबा आजारी पडले होते.

ते मी पाहिलं. खळ्याच्या कडेला माडाच्या बुंध्याशी ते थुंकायचे, आणि तिथली वाळू मी झाडायची. थुंकीचा रंग नांगराच्या गंजासारखा होता. रापणीवरून आले की ते भर उन्हात कांबळं घेऊन बसत, बोलताना एक हात बरगडीवर दाबून धरत, आणि कुणी खळ्यात पाऊल टाकलं की कांबळं टाकून ताठ उभे राहत. ओवा तोंडात टाकत. फुंकत. फुंकताना मध्येच खोकला आला तर तो पोराच्या तोंडावरच जाई.

त्याच सुमारास वडिलांनी छापखान्यातून एक पत्रक आणलं होतं, आरोग्य खात्याचं. शेवटच्या ओळी पुसट आल्या म्हणून बाद झालेलं. 'न्युमोनिया अर्थात फुफ्फुसदाह.' हा रोग थंडीने, नजरेने वा कोपाने होत नसून जंतूंमुळे होतो. आजारी माणसाच्या खोकल्यातून, थुंकीतून हे जंतू दुसऱ्याच्या श्वासात जातात. गोवर, इन्फ्लुएंझा, डांग्या खोकला यांनी अशक्त झालेल्या बालकांस विशेष धोका. मी ते सुलटं चिकटवलं, माझ्या अंथरुणाच्या उशाशी. आणि रविवारी दुपारी पानावर बसलेल्या आबांना वाचून दाखवलं.

आबांनी भात कालवणं थांबवलं नाही. "तुज्या कागदाक खोकलो येता काय गो?"

"कागदाक नाय येत. तुमका येता."

मोठ्या आयेच्या हातातली पळी भांड्यात पडली. आबा हसले. "कागदान ह्या चेडवाक खुळा केल्यान. बाबू, तुज्या छापखान्यात आणि काय काय छापतत रे?" बाबू म्हणजे माझे वडील, आबांचे धाकटे भाऊ. ते माशाचा काटा काढत होते.

मी वडिलांकडे वळले. "हे अक्षर तुमीच जुळवल्यात ना? सांगा त्यांका."

"मी खिळे जुळवतंय," वडील म्हणाले. "वाचणंय नाय. खिळे उलटे असतत, वाचत बसलंय तर पगार कोण देतलो?"

त्या उत्तराचा राग माझा अजून गेलेला नाही. वडिलांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची मतं एकेक अक्षराने जुळवली आणि स्वतःचं मत म्हणून एक ओळ उच्चारली नाही. असली माणसं फार भली म्हणून ओळखली जातात. मला ती भली वाटत नाहीत.

माडाखालच्या घरातली एक छोटी मुलगी होती, गोवरातून उठून अंगणात खेळायला लागलेली. तिला आईने नुसतं रक्षण म्हणून आबांकडे आणलं. मी पाहिलं, आबा फुंकताना खोकले. काही दिवसांत ती मुलगी तापाने फणफणली, तिला परत आणलं, आबांनी परत फुंकलं, आणि ती गेली. वाडी म्हणाली, उशिरा आणली. मी म्हणाले, आधी आणली म्हणून गेली. हे मी विहिरीवर म्हणाले, आणि बायांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला विहिरीत ढकललंय. एक जण म्हणाली, "आबांच्या घरचा मीठ खातस आणि हयसर ह्या बोलतंस?" मी म्हटलं, मीठ मोठी आये घालते, आबा नाही. ते घरी पोचायला वेळ लागला नाही. त्या दिवशी बांगड्याचा तुकडा माझ्या पानात काट्यांसकट पडला.

आणि मग आमच्याच घरातलं मूल आजारी पडलं.

आबांचा मुलगा बोटीवर खलाशी होता, वर्षातून एकदा यायचा. त्याची बायको, सुमवैनी, आमच्याबरोबर राहायची. सासऱ्यापुढे तिने तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. पदर पुढे, मान खाली, आवाज विहिरीवर आणि तोही माझ्यापुरता. तिचं मूल रांगायला लागलेलं, सगळे त्याला बाबग्याच म्हणत. गोवरातून तेही उठलं होतं. एका सकाळी त्याने दूध ओढलं नाही. नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासाला बारीक कण्हण्याचा आवाज, आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, जाळं ओढताना पाण्याला खळगा पडतो तशी. पत्रकात लिहिलेलं एकेक लक्षण मी त्याच्या अंगावर वाचत होते. वाचता येणं ही काही फार सुखाची गोष्ट नाही.

"होडी सुटली नसात अजून," मी वैनीला म्हटलं. "चल. मालवणात डॉक्टर आसा."

"मामंजी आसत ना घरात," ती म्हणाली.

बाहेर खळ्यात तीन-चार बाया पोरांना घेऊन बसलेल्या होत्या. आबा पडवीत आले. चेहरा काळवंडलेला, ओठ निळसर, पण ताठ. मोठ्या आयेने आतून हाक मारली, "सुमन, पोरग्याक घेवन भायर जा." वैनी मूल घेऊन निघाली आणि मी उंबऱ्यात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावून.

"बाजूक हो," आबा म्हणाले.

"नाय."

"शालू, दारातसून हल म्हणतंय." हे मोठी आये. तिने मला मागून धरलं. तिच्या हाताला तोच वास होता.

"माज्या नातवाक मी काय करूचा ता तुज्या कागदाक इचारतलंय?" आबा म्हणाले. खळ्यातल्या बाया हसल्या. आबांनी ओवा तोंडात टाकला, माझ्या डोक्यावरून हात लांब केले, आणि माझ्या मागे वैनीने, सवयीने, मूल पुढे केलं. आबांची बोटं त्या इवल्या गालांना लागली. त्या बोटांतला ताप मला माझ्या कानाला जाणवला, इतके ते जवळ होते.

मला तेव्हा उमगलं की पत्रकाने इथे काही होणार नाही. जंतू, थुंकी, श्वास हे शब्द या खळ्यात चालत नव्हते. इथे जे चालायचं ते मला मोठ्या आयेनेच शिकवलं होतं. मी खळ्याकडे तोंड केलं आणि रापणीवर हाक मारतात तेवढ्या मोठ्याने बोलले.

"आबांका ताप आसा. लय दिवस आसा. त्यांच्या थुकेत रगात पडता, थंय माडाच्या मुळात बघा. मी त्यांच्या घरातला चेडू बोलतंय."

एका बाईने आपल्या पोराचं तोंड पदराने झाकलं. माझ्या दंडावरचे मोठ्या आयेचे हात सैल पडले आणि ती मागे सरकली. आबांचे हात अजून पुढेच होते. मग त्यांनी ते खाली घेतले. चावलेला ओवा बाजूला थुंकला. त्यांचाच नियम होता, आणि नियम मोडणारा माणूस तो नव्हे, हे मला मान्य करायला हवं. ते पडवीच्या खांबाला टेकून खाली बसले, आणि इतके दिवस दाबून धरलेला खोकला त्यांना आला. तो थांबेना. सगळ्यांनी ऐकला.

"बोललंस," मोठी आये म्हणाली. एवढंच.

सुमवैनीने पदर कमरेला खोचला. सासऱ्याच्या पुढ्यातून, डोकं उघडं ठेवून, ती मूल घेऊन खळं ओलांडून गेली. मला तिच्या मागे धावावं लागलं. खाडीवर होडी लागलेली होती.

डॉक्टरांनी मुलाची छाती ऐकली आणि आधी वैनीवर तोंडसुख घेतलं. "मूल मरायला टेकलं की आणायचं, ही तुमची पद्धतच आहे. अडाणी ते अडाणीच." मी म्हटलं, "डॉक्टर, तिला बोलण्याआधी सुई टोचा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पेनिसिलीनचं इंजेक्शन भरलं. नंतर मी त्यांना आबांचं सांगितलं आणि विचारलं, त्यांच्यामुळेच झालं ना? मला हो हवं होतं.

"न्युमोनिया हे एका जंतूचं नाव नाही," ते म्हणाले. "पाच-पन्नास कारणं असतात. गोवराचा विषाणूच कधी छातीत उतरतो. कधी गोवराने वाट मोकळी केली की दुसरेच जंतू आत शिरतात, ते तर धडधाकट माणसाच्या नाकातही बसलेले असतात. फ्लूने होतो, क्षयाने होतो. ही सुई त्यातल्या काहींनाच लागू पडते. याचा जंतू त्यातला असेल तर ताप उतरेल, नसेल तर माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही. कुणी कुणाला दिला ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण गंजासारखं थुंकणारा माणूस पोरांच्या तोंडात फुंकत असेल, तर त्याला थांबव आणि इकडे घेऊन ये. त्याच्यावर बहुधा लागू पडेल."

अलीकडच्या मोठ्या साथीत आमच्या इमारतीतले शिकलेले लोक मोबाइलवर काढे आणि वाफारे पाठवत होते आणि मास्क हनुवटीवर लोंबकळत ठेवून जिन्यात खोकत होते, तेव्हा मला त्या डॉक्टरांची आठवण आली. माणूस उर्मट होता. पण 'कदाचित' हा शब्द न लाजता वापरणारा मला भेटलेला तो पहिला माणूस. माझ्या भिंतीवरच्या एकाही पत्रकात तो शब्द नव्हता.

बाबग्याला सुई लागू पडली. रोज होडीने नेऊन आणून सुया दिल्या आणि तो दूध ओढायला लागला. आबा मात्र आले नाहीत. मी त्यांच्या बाजेशी उभी राहून सांगितलं, विनवलं, भांडले. ते माझ्याशी बोलत नव्हते. मोठ्या आयेकडे बघून म्हणाले, "त्या चेडवाक सांग, वारो तेणा काढून घेतल्यान. आता सुई खंय टोचतली?" वडील छापखान्यात गेले होते. भाऊ आजारी असताना ते रोज छापखान्यात गेले. मी डॉक्टरांना बोलावून आणलं तर मोठी आये उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून, माझ्यासारखीच. डॉक्टर परत गेले. आबा गेले तेव्हा समोर रापण ओढली जात होती आणि हाक मारणारा आवाज दुसराच कुणाचा तरी होता.

वाडीने ठरवलं, शालूने मारलं. माझं उत्तर तेव्हा जे होतं तेच आज आहे. त्यांना जंतूंनी मारलं, आणि ज्या मानाने त्यांना ताप लपवायला लावला त्याने मारलं, आणि तो मान त्यांना देणारे सगळे अजून माझ्याकडे बोट दाखवत होते. मोठी आये माझ्याशी बोलायची बंद झाली. पेज वाढायची, माझी वाटी जमिनीवरून सरकवून. आणि माझ्या उशाशी चिकटवलेलं ते न्युमोनियाचं पत्रक तिने फाडून चुलीत घातलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं फाडायचं हे बरोबर ठाऊक होतं. वडील काही न बोलता छापखान्यातून तेच पत्रक पुन्हा घेऊन आले. या खेपेला ते बाद झालेलं नव्हतं, स्वच्छ छापलेलं होतं. मी ते तिच्याच पेजेच्या खळीने चिकटवलं. तिने फाडलं. वडिलांनी आणखी आणलं. मी चिकटवलं. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवून, आम्ही दोघी शब्द न बोलता हे कितीतरी महिने करत होतो.

पावसाळा सरता सरता एका सकाळी बाबग्या खोकायला लागला. अंग गरम होतं. वैनी त्याला मांडीवर घेऊन गोंधळून बसली होती आणि मी परसात धुणं धूत होते. मोठी आये आतून आली. तिने मुलाच्या छातीवरचं कापड वर केलं, बरगड्यांखाली बराच वेळ पाहिलं, मग कान लावला. मी हातातलं धुणं तसंच ठेवून दाराशी आले. ती माझ्याकडे न बघता वैनीला म्हणाली, "बसलंस काय? होडी सुटात."

तिने स्वतः मुलाला उचललं, पदरात गुंडाळलं आणि निघाली. वाटेत माझ्या अंथरुणाशी थांबली, मोकळ्या हाताने भिंतीवरचं ते पत्रक फाडलं, चुरगळून खाली टाकलं, आणि खाडीकडे गेली.